धनिया

मुन्शी प्रेमचंद (१८८०–१९३६) यांच्या ‘गोदान’ (१९३६) या हिंदी कादंबरीची नायिका. वाराणसीजवळच्या लमही गावी जन्मलेल्या प्रेमचंदांची ही अखेरची पूर्ण कादंबरी. ती प्रसिद्ध झाली त्याच वर्षी त्यांचे वाराणसीत निधन झाले.

अवधमधील बेलारी गावच्या होरी या कुळाची ही बायको. तीन मुलगे औषधपाण्याविना गमावलेली धनिया छत्तिसाव्या वर्षीच पिकल्या केसांची झाली आहे. होरी जमीनदार, सावकार, पंच अशा सगळ्यांपुढे वाकतो. धनिया तोंडावर बोलते. घरच्या गायीच्या मृत्यूनंतर चौकशीला आलेल्या दारोगाला लाच देण्यासाठी होरीने काढलेले कर्जाचे पैसे ती सर्वांदेखत उधळून लावते. मुलगा गोबर याच्यापासून दिवस गेलेल्या विधवा झुनियाला ती घरात घेते, तेव्हा पंचायत दंड ठोकते आणि खळ्यावरचे धान्य दंडापायी जाते. पुढे गावातल्या ब्राह्मण मातादीनने टाकलेल्या दलित सिलियालाही तीच आसरा देते. कष्टाचे फळ मात्र तिच्या पदरी पडत नाही. उन्हात मजुरी करताना होरी कोसळतो. त्याच्या अखेरच्या घटकेला सुतळी विकून मिळालेले वीस आणे ती गोदान म्हणून पुरोहिताच्या हाती ठेवते.

नायजेरियन लेखिका बुची एमेचेटा यांच्या १९७९च्या कादंबरीतील नू एगो हीदेखील अशीच राबून रिक्तहस्त राहिलेली नायिका. पण धनियाइतका उघड संताप तिच्यात नाही. होरी हा ‘गोदान’चा नायक मानला जातो, तरी कादंबरीचा कणा धनियाच होय. १९६३च्या ‘गोदान’ चित्रपटात ही भूमिका कामिनी कौशल यांनी केली. संगीत वाराणसीत जन्मलेल्या पं. रविशंकर यांचे होते.