लेझर व्यासमापक

* लेझर व्यासमापक : केबलच्या कारखान्यात तांब्याच्या तारेवर वितळलेल्या पीव्हीसीचे वेष्टन चढते, तेव्हा ती तार मिनिटाला शेकडो मीटर वेगाने पळत असते. मऊ, गरम वेष्टनाला मायक्रोमीटर लावणे अशक्यच. म्हणून फिरत्या बहुकोनी आरशाने लेझरचा किरण तारेवरून आडवा फिरवतात. समोरच्या संवेदकावर सावली किती वेळ पडली, त्यावरून व्यास निघतो. काटकोनातल्या दोन किरणांनी मोजले, की तार गोल आहे की लंबगोल, हेही कळते.

व्यास वाढू लागला, की यंत्रणा स्वतःच तार ओढण्याचा वेग वाढवते किंवा वितळलेले प्लास्टिक ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरचा स्क्रू मंद करते. प्लास्टिक थंड होताना आकसते, त्यामुळे पाण्याच्या पन्हळीआधी आणि नंतर असे दोनदा मोजणे उत्तम.

ऑप्टिकल फायबरची कसोटी याहून कितीतरी कठोर : काचेच्या तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन, आणि आयटीयूच्या जी.६५२.डी मानकानुसार त्यात फरक चालतो तो कमी-जास्त ०.७ मायक्रॉनचाच.

मात्र लेझरला फक्त बाहेरची कड दिसते. तांबे वेष्टनाच्या बरोबर मध्यभागी आहे का, हे सावलीवरून समजत नाही. त्यासाठी उच्च विद्युतदाबाच्या केबलींवर क्ष-किरण मापक लावतात. — संपादक