दवाखाना कोसावर, दुखणे दारात

घाटावरची आमच्या बुलढाण्याची हवा गोऱ्या साहेबांना मानवली, तशीच ती मिशनऱ्यांनाही मानवली. पुढे नाझरीन चर्च म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकन मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभीच येथे आपले ठाणे वसवले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. परंतु वऱ्हाडात बस्तान बसवायचे, तर तापाने फणफणलेल्या माणसाला नुसता उपदेश करून भागत नाही.

1936 साली याच चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर हिंदुस्थानात आल्या, आणि 1938 मध्ये शेजारच्या वाशिमला (तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते) रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. एवढे लांबलचक नाव कोण घेतो? लोकांच्या लेखी तो मिशनचा दवाखाना. बाईंनी आपल्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे त्याला दिली. पुढे तेथे परिचारिकाही शिकून तयार होऊ लागल्या.

दवाखाना स्वस्त होता, वाट मात्र महाग होती. मेहकराकडच्या एखाद्या खेड्यातून बाळंतीण हलवायची म्हणजे बैलगाडी हवी, सोबतीला माणूस हवे, घरच्या दोघांची मजुरी बुडायची, वर शिधा बांधून न्यायचा. औषध फुकट मिळाले, तरी हा हिशेब काही चुकत नसे.

हीच अडचण मिशनच्या दवाखान्यांना जगभर भेडसावत होती. 1964 साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे भरलेल्या बैठकीत चर्चच्याच लोकांनी आपल्या वैद्यकीय कामाची झडती घेतली. त्यातून 1968 साली जिनीव्हात ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाला.

त्या शंकेला मराठी मुलुखात एका जोडप्याने उत्तर शोधले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकलेले. नेवाशाजवळच्या वडाळा मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले. बरा करून धाडलेला रोगी तेच दुखणे घेऊन पुन्हा दारात उभा, हा अनुभव तेथलाच. मग 1970 साली त्यांनी जामखेड गाठले. गावकऱ्यांनी औषध नव्हे, अन्न आणि पाणी मागितले. तेव्हा विहिरी आणि मुलांच्या जेवणाची सोय, येथपासून आरंभ झाला. खेड्यात मुक्कामाला शिकलेल्या नर्सबाई राजी होईनात, म्हणून गावानेच निवडलेल्या बायका शिकवल्या. त्यांतल्या कित्येकींना सही येत नव्हती! पण बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा त्या ओळखू लागल्या. संस्थेच्या नोंदींप्रमाणे 1971 साली हजारी 176 असलेले बालमृत्यू 1976 पर्यंत 52 वर आले. मला विशेष वाटते ते हे की, ज्या बाईला कालपर्यंत कोणी ओट्यावर बसू देत नव्हते, तिला आज पाटलाच्या सुनेच्या बाळंतपणाला बोलावणे येऊ लागले.

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातच्या आरोग्यकार्यावर ग्रंथ काढला, त्यात जामखेडला स्वतंत्र प्रकरण मिळाले. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा झाली, तिच्यामागे अशाच प्रयोगांचे बळ होते. 1979 साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आणि 2005 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतली ‘आशा’ आता आमच्या जिल्ह्यातही दारोदार फिरते आहे. कागदोपत्री ती स्वयंसेविका. मिशनच्या दवाखान्याची ती लांबची वाट तिने पुष्कळच आखूड केली आहे. मात्र स्वतःच्या मानधनासाठी तिला अजून मोर्चात चालावे लागते.