संकरित ससाणे : बंदी आहे, पण कोणत्या कायद्यात?

1971 मध्ये आयर्लंडमध्ये रोनाल्ड स्टीव्हन्स आणि जॉन मॉरिस या बाजदारांकडच्या बहिरी आणि सेकर ससाण्यांना पिल्लं झाली. जाती वेगळ्या, आणि जोडी कुणी ठरवून लावलेली नव्हती. त्या काळात डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन बहिरी ससाणा युरोप-अमेरिकेत झपाट्याने घटला होता. रानातून पक्षी पकडण्यावर निर्बंध येत होते, त्यामुळे बाजदार पिंजऱ्यातल्या पैदाशीकडे वळले.

पुढे कृत्रिम रेतन आलं. माणसाच्या हातावर वाढलेला नर माणसालाच जोडीदार समजतो. पैदासकार खास टोपी घालतो, नर तिच्यावर बसून समागम करतो आणि वीर्य टोपीत गोळा होतं. (हो, खरंच!) तुम्हाला वाटेल, प्राणीकल्याणाचा कायदा इथे आडवा येत असेल.

आता जर्मनीचं बघा. तिथला प्राणीसंरक्षण कायदा 1972 चा. 2002 मध्ये प्राण्यांचं रक्षण थेट राज्यघटनेत आलं. या कायद्याचं कलम 11ब पैदाशीबद्दलच आहे. पण ते विचारतं, जन्मणाऱ्या पिल्लाला आनुवंशिक दोषामुळे वेदना होतील का? संकरित पिल्लू धडधाकट असेल तर प्रश्नच मिटला. टोपीवरच्या नराबद्दल ते कलम काही बोलत नाही.

संकरित शिकारी पक्ष्यांवरचे निर्बंध सापडतात ते 2005 च्या प्रजाती-संरक्षण नियमावलीत. तिथे काळजी वेगळीच आहे : सुटलेला संकरित पक्षी रानातल्या बहिरीशी जोडी जमवेल. म्हणजे जपायची आहे ती प्रजाती. या विषयावर प्रबंध लिहिणार असाल तर आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा, आणि टोपीवरचा तो नर कुठे सापडतो का बघा.