रुग्णालयाच्या अलीकडचे अंतर



वैद्यकातला विषय मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने का निवडावा, असे आपणांस वाटले असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांमधली रात्र ज्याने भोपाळात काढली, त्याचा या विषयावरचा अधिकार थोडा असला तरी ओढ फार असते, एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे.

रुग्ण रुग्णालयाच्या दारी पोहोचण्यापूर्वी त्याच्यावर जे उपचार होतात, त्यांना आज स्वतंत्र शास्त्राचा मान आहे. बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ साली हृदयरोग्यांसाठी फिरते पथक काढले. आपल्याकडे १०८ क्रमांकाची सेवा हैदराबादेत सुरू झाली ती २००५ साली. १९८४ च्या भोपाळात अशी कोणतीही संघटित व्यवस्था नव्हती.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतील मिथिल आयसोसायनेट तापले आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत राहिला. पळणाऱ्याचा श्वास जोरात चालतो; जो अधिक धावला त्याच्या छातीत विषही अधिक गेले. वायूची पाण्याशी अभिक्रिया होते. म्हणून नाकातोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जाणे हाच त्या घटकेचा प्रथमोपचार होता. कारखान्याबाहेरच्या वस्त्यांना तो कोणी शिकविला नव्हता. लोकांसाठी वाजलेला धोक्याचा भोंगाही लवकरच बंद करण्यात आला.

आमच्या शेजारच्या आजींना वाटले, कोणी तरी मिरच्या जाळल्या. ठसका लागताच त्यांनी पदर माठात बुडवून नातवाच्या नाकाशी धरला. आम्ही शिकलेली माणसे मात्र दारे उघडून रस्त्यावर धावलो. ते मला आजही आठवते, आणि लाजही वाटते.

पहाटेपर्यंत हमिदिया रुग्णालयात हजारोंची रीघ लागली. विष कोणते आणि उतारा कोणता, हे तेथील डॉक्टरांना कोणी सांगितले नव्हते. डोळे धुणे, थेंब घालणे, असेल तेवढा प्राणवायू देणे, एवढेच त्यांच्या हाती होते. पुढे न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र यांना शवांतील रक्त लालभडक आढळले, सायनाइडची शंका आली आणि सोडियम थायोसल्फेटचा वाद उभा राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचण्या करून ते देण्याची शिफारस केली, तरी पुष्कळ रुग्णांना ते मिळालेच नाही.

संकटात काय करावे याची शिस्त त्या रात्री दिसली ती रेल्वेत. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली, प्रवाशांनी भरलेली गोरखपूर गाडी वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता वेळेआधी सोडली आणि आजूबाजूच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या पाठवू नका असे कळविले. शेकडो जीव रुग्णालयापर्यंत जाण्याची वेळच त्यामुळे आली नाही. स्वतःचे कुटुंब शहरात असताना ते फलाटावरच राहिले. घशाचा विकार त्यांना जडला. २००३ साली ते वारले. त्या रात्री मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक पुढे स्थानकावर उभारले गेले. दस्तगीर त्या रात्री वाचले होते, म्हणून त्यावर त्यांचे नाव आले नाही.