तव्याची बखर

इतिहासाच्या पुस्तकात माणसाला आगीचा शोध लागला एवढंच लिहिलेलं असतं. त्या आगीवर ठेवलेलं पहिलं अन्न बुडाला लागलं तेव्हा ते खरवडत कोण बसलं, याची नोंद कुठेही नाही. लढाया कोणी जिंकल्या ते आपल्याकडून सनावळीसकट पाठ करून घेतलं. पण अन्न भांड्याला चिकटू नये म्हणून माणसाने जो लढा दिला, त्यावर शाळेत कधी एका मार्काचा प्रश्न आलेला मला आठवत नाही.

ही उणीव भरून काढावी असं वाटायला कारण आमचा नॉनस्टिक तवा. त्याचा काळा लेप जागोजाग उडून आतलं ॲल्युमिनियम दिसायला लागलं आहे. मधला मोठा डाग म्हणजे मराठवाडा आणि कडेने उभं खरवडलं गेलंय ते कोकण, असं आमचे हे म्हणतात. धिरडं मराठवाड्यावर पडलं की संपलं. नवा तवा घ्यायला हवा यावर घरात एकमत आहे. कोणता घ्यायचा यावर मात्र तीन माणसांची चार मतं आहेत, कारण यांची एकट्याची दोन आहेत.

आता वाद भांड्यांचा असला की सुरुवात पितळेपासून करावी लागते, आणि पितळ म्हटलं की आमच्या सासूबाईंना विचारावं लागतं. वय वर्षे ८८, माहेर पुण्याच्या कसब्यातलं, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर ठोक्यांचा आवाज ऐकतच त्या मोठ्या झाल्या. अजूनही कोणी आवाज चढवून बोललं तर त्या ढिम्म असतात, त्याचं कारण तेच असावं.

तांब्यापितळेची तक्रार चिकटण्याची नव्हती, कळकण्याची होती. ताक, चिंचेचं सार, आमसुलाची आमटी, असलं काही आंबट पितळेत राहिलं की ते हिरवट पडायचं आणि खाणाऱ्याला मळमळायचं. त्यावर उपाय कथलाच्या लेपाचा, म्हणजे कल्हईचा. हा उपाय आपलाच, असा अभिमान मात्र बाळगू नये. रोमचा प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेला आहे की, तांब्याच्या भांड्यांना असा लेप दिला म्हणजे चव सुधारते आणि हिरव्या गंजाचं विष आवरतं. म्हणजे रोमच्या गल्ल्यांतूनही कोणी तरी लॅटिन भाषेत ‘कल्हईऽऽ’ करत हिंडत असणार.

सासूबाई कल्हईवाल्याचं वर्णन करतात ते ऐकण्यासारखं असतं. वाड्याच्या दाराशी तो खड्डा करायचा, कोळसे पेटवायचा, पोराला भात्याशी बसवायचा. भांडं चांगलं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठायचा आणि बघणारी पोरं खोकत खोकत आणखी पुढे सरकायची. मग कथलाची कांडी टेकवली न टेकवली तोच कापसाच्या बोळ्याने तो सगळीकडे फिरवायचा, आणि काळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. पाण्यात बुडवलं की चुर्र! कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं रिकामं भांडं चुलीवर ठेवणाऱ्या सुनेचा उद्धार व्हायचा. काही महिन्यांनी कल्हई उडायचीच. पण भांडं टाकून द्यावं असं कोणाच्या स्वप्नातही यायचं नाही. कल्हईवाला पुन्हा यायचा, पुन्हा घासाघीस व्हायची आणि भांडं पुन्हा नवं.

पुढची काही पानं भराभर उलटू. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी एकमेकांना न विचारता ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. (दोघेही १८६३ सालचे, आणि गेले तेही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. जुळ्या भावांनासुद्धा एवढं जमत नाही.) १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करायला घेतली आणि ती हळूहळू देशभर पसरली. आपल्याकडे त्यांना ‘जर्मलची भांडी’ म्हणत. अमेरिकेचा आणि फ्रान्सचा शोध, मद्रासची घडाई आणि नाव जर्मनीचं! जर्मलला कल्हई लागत नसे, पण प्रतिष्ठाही नसे. पोचे फुकट.

प्रतिष्ठा आली ती स्टीलबरोबर. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला झिजणार नाहीत अशा रायफलीच्या नळ्या करायच्या होत्या. हाती आलं ते व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही दाद न देणारं पोलाद. ते आपल्या घराघरांत पोचेपर्यंत पन्नासएक वर्षं गेली. पण एकदा आलं ते असं आलं की, घरातली जरीची लुगडी आणि यांच्या वडिलांचे कोट बोहारणीच्या गाठोड्यात गेले आणि त्या जागी डबे आले. प्रत्येक डब्यावर नाव आणि तारीख. आमच्या मांडणीवर आजही कोणाची मुंज कधी झाली आणि आहेर कोणी केला, हे सगळं वाचायला मिळतं. शिलालेखच ते! एक खोट मात्र राहिली. स्टीलवर धिरडं घातलं की ते स्टीलचंच होऊन बसतं.

इथून आपण मुख्य प्रकरणाकडे येतो.

६ एप्रिल १९३८. अमेरिकेतलं न्यू जर्सी, ड्यूपॉन्ट कंपनीची प्रयोगशाळा. रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. वायूने भरलेल्या नळकांड्याची तोटी त्याने उघडली, तर आतून काहीच येईना. वजन करावं तर नळकांडं भरलेलं. आपल्या घरी असं झालं तर आपण गॅसवाल्याला फोन लावतो. प्लंकेटने आणि त्याच्या मदतनिसाने ते कापलं. आत पांढरी, मेणचट भुकटी! ती कुठल्या आम्लाला जुमानेना, कशात विरघळेना, कशाला चिकटेना. प्रत्येक कचेरीत असा एक मनुष्य असतो आणि त्याचं काय करायचं हे साहेबाला कळत नसतं. इथे ते महायुद्धात कळलं. अणुबाँबच्या खटाटोपात युरेनियमचा एक वायू लागे, तो समोर येईल ते कुरतडायचा. त्याच्या झडपांना आणि वॉशरांना ही भुकटी पुरून उरली. १९४५ साली तिचं ‘टेफ्लॉन’ हे नाव नोंदवलं गेलं. म्हणजे स्टील आलं रायफलीमुळे आणि टेफ्लॉन मोठं झालं बाँबमुळे. स्वयंपाकघरात सरळ मार्गाने आलेली वस्तू बहुधा पोळपाट ही एकच असावी.

तव्यापर्यंत ते आणलं एका बाईने. फ्रान्समधले मार्क ग्रेगुआर हे इंजिनिअर आपल्या मासेमारीच्या सामानाला टेफ्लॉन लावायच्या खटपटीत होते. त्यांच्या पत्नी कोलेत म्हणाल्या, तेच माझ्या भांड्यांना लावा की! हे १९५४ साल. दोन वर्षांनी टेफाल कंपनी निघाली. टेफ्लॉनमधलं ‘टेफ’ आणि ॲल्युमिनियममधलं ‘अल’. नवऱ्याच्या छंदाचा घराला उपयोग झाल्याचं जगाच्या इतिहासातलं हे फार दुर्मीळ उदाहरण आहे, आणि मी ते यांना अधूनमधून ऐकवते.

हे सगळं मी वाचून दाखवत होते तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, पण जे कशालाच चिकटत नाही, ते तव्याला कसं चिकटलं?”

हे यांना सुचलं नव्हतं आणि मलाही नाही. खरं तर ग्रेगुआर यांची सगळी करामत तीच होती. त्यांनी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खाववून त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडली आणि लेप त्यात रुतवून बसवला. म्हणजे तो चिकटलेला नसतो, अडकलेला असतो. कालथ्याचं एक टोक लागलं, तवा रिकामा तापला, की सुटायला लागतो.

आपल्याकडे हे भांडं आलं १९६८ साली, त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात; आणि त्याचं नाव ठेवलं ‘निर्लेप’. असं नाव सुचायला मराठीच माणूस हवा. कमळाच्या पानासारखं, कशाचाही डाग लावून न घेणारं. थेट अध्यात्मच! आता ज्याची सगळी थोरवी एका लेपावर, त्याचं नाव निर्लेप, ही गंमत वेगळी. आमचा तवा त्या कंपनीचा नव्हे, पण सध्या त्या शब्दाच्या अगदी जवळ पोचला आहे.

नॉनस्टिकच्या नावाने बोटं मोडायची आणि आजीच्या बिडाच्या तव्याचे गोडवे गायचे, ही हल्ली रीतच आहे. मीही गायला लागले होते. बिडाच्या तव्यावर तेलाचा पातळ थर तापून तापून कडक होतो आणि लोखंडाला धरून बसतो. हाही लेपच, पण घरचा. उडाला तर तेल आणि अर्धा कांदा घेऊन पुन्हा बसवता येतो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. उजवं मनगट डाव्यापेक्षा जाड आहे.

“हे बिडाने आणि पितळेने झालंय,” त्या म्हणाल्या. “एका हाताने तवा धरायचा, दुसऱ्याने राख आणि नारळाची शेंडी. बारा माणसं होतो घरात. त्र्याऐंशी साली ह्यांना हार्ट अटॅक आला, डॉक्टरांनी तेल तोडलं, तेव्हा तो काळा तवा आणला. चमचाभर तेलात घावन! पहिल्या दिवशी मी तो एका बोटाने उचलून पाहिला. तुम्ही बीड जरूर घ्या. उचलणार कोण, तेवढं आधी ठरवा.”

यावर कोणी काही बोललं नाही. आजीच्या तव्यावर लेख लिहिणारे तो तवा बहुधा जेवायच्या वेळीच पाहत असावेत.

यांचा आक्षेप वेगळा होता. यांनी मोबाइलवर वाचलं होतं की, नॉनस्टिकने कॅन्सर होतो. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं निस्तरायला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त वेळ लागतो. टेफ्लॉन तयार करताना पीएफओए नावाचं रसायन वापरत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग इथे ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते वर्षानुवर्षं पाण्यात जात राहिलं. एका शेतकऱ्याच्या गाई मरायला लागल्या, रॉब बिलट नावाच्या वकिलाने १९९९ साली दावा लावला आणि कंपनीची कपाटं उघडली गेली. २०१२ साली तज्ज्ञांनी सहा आजारांशी त्याचा संबंध असावा असा निष्कर्ष काढला. २०१७ साली सुमारे साडेतीन हजार दावे ६७ कोटी डॉलर देऊन मिटवावे लागले. मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत ते रसायन बंद केलं, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. तयार तव्यात त्याचा अंश राहिलाच तर अगदी किरकोळ असे. भोगलं ते कारखान्याच्या शेजाऱ्यांनी. आपण धिरडी उलटत होतो तेव्हा तिकडे विहिरी नासत होत्या, हे मला तव्याच्या पोपड्यांपेक्षा जास्त लागलं. पोपडा पोटात गेला तर तिथेही कशाला चिकटत नाही, आला तसा जातो. भीती आहे ती रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरण्याची. २६० अंशांच्या पुढे लेप बिघडायला लागतो आणि आणखी तापला की निघणाऱ्या धुराने पिंजऱ्यातले पोपट मरतात.

एवढा अभ्यास करून आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने आधी ‘ग्रॅनाइट’ दाखवला. यांनी विचारलं, यात ग्रॅनाइट किती? तो म्हणाला, “साहेब, डिझाइन आहे ते.” काळ्यावर पांढरे ठिपके; खाली टेफ्लॉनच. मग सिरॅमिक: मूळ वाळूतल्या सिलिकेचं, उष्णता जास्त सोसतं, पण घसरगुंडी लवकर संपते. मग ट्रायप्लाय, म्हणजे दोन बाजूंनी स्टील आणि मधे ॲल्युमिनियम, ब्रेड-बटर-ब्रेड. ते तापवून पाण्याचा थेंब टाकायचा, थेंब पाऱ्यासारखा पळायला लागला की मग तेल. या पळणाऱ्या थेंबावर लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ सालीच लिहून ठेवलं आहे. शेवटी बीड. त्याच्यावर इंग्रजीत ‘सीझन्ड’ असं लिहिलेलं, क्रिकेटच्या बॅटीसारखं. यांनी एका हाताने उचलायला घेतला आणि दुसरा हात आपोआप मदतीला गेला.

आम्ही भाजीला ट्रायप्लायची कढई घेतली. तवा बिडाचाच, पण लहान, दोन कानांचा. घरात ठराव झाला की तो उचलणं, धुणं, कोरडा करणं आणि तेलाचा हात फिरवणं हे यांच्याकडे. पूर्वी रविवारी स्कूटर पुसायचे त्याच गांभीर्याने हे आता तवा पुसतात, आणि कोणी त्यात आमसूल घालायचं नाव काढलं तर अंगावर येतात. पहिली चार धिरडी तव्याने खाल्ली. सासूबाईंनी पाचवं खाल्लं, बरं झालंय म्हणाल्या आणि यांचं मनगट दाबून पाहिलं.

जुन्या तव्याला बोहारीण हातही लावीना. भंगारवाल्याने नुसत्या ॲल्युमिनियमचा भाव सांगितला, तोही दांडा काढून. शेवटी सासूबाईंनी तो दांड्यासकट मागून घेतला आणि बाल्कनीत पाणी भरून चिमण्यांसाठी ठेवला. थंड तव्यापासून पाखरांना काही होत नाही ना, हे मी दोन ठिकाणी वाचून खात्री करून घेतली. मराठवाडा पाण्याखाली छान दिसतो.