करसवलत कोणाच्या इमारतीला? बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात ऊर्जाबचतीच्या करप्रोत्साहनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कर हे शासनाच्या महसुलाचे साधन आहे, तसेच ते नागरिकांच्या वर्तनाला वळण लावण्याचेही साधन आहे. कोणत्या वस्तूवर अधिक कर घ्यावा आणि कोणाला सूट द्यावी, यातून राज्यसंस्था आपला प्राधान्यक्रम व्यक्त करीत असते. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर ऊर्जाबचतीचा विचार सुरू झाला आणि अनेक देशांनी त्यासाठी करसवलतींचा मार्ग स्वीकारला. भारतातही १९८० च्या दशकापासून अपारंपरिक ऊर्जा व ऊर्जाबचतीच्या उपकरणांना प्राप्तिकरात विशेष सवलत मिळू लागली. या सवलतींचा अभ्यास प्रामुख्याने महानगरे व मोठे उद्योग यांच्या अनुषंगाने होतो. तालुक्याच्या गावातील बाजारपेठ, महाविद्यालय, सहकारी बँक, मंगल कार्यालय किंवा रुग्णालय यांच्या इमारतींपर्यंत त्या पोहोचल्या काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा शोध घेतला आहे. त्यासाठी संबंधित अधिनियम, नियम, न्यायनिर्णय व शासकीय धोरणे यांचा आधार घेऊन वर्णनात्मक-ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, करसवलतीचे बळ सवलतीच्या टक्केवारीपेक्षा, ज्या करात ती दिली जाते तो कर संबंधित व्यक्ती अथवा संस्था प्रत्यक्ष भरते काय, यावर अवलंबून असते. या दोन तालुक्यांतील मोठ्या इमारती ज्यांनी उभारल्या, त्यांपैकी बहुतेकांना केंद्रीय सवलतीचा लाभ घेण्याजोगे करदायित्वच नव्हते.

१. परिसराची संस्थात्मक जडणघडण

१८७६–७७ च्या दुष्काळानंतर निरा डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८८५ च्या सुमारास या भागात कालव्याचे पाणी खेळू लागले. या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसाने पुढे संस्था उभ्या केल्या. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे १९३० च्या दशकात खाजगी भांडवलावर साखर कारखाना व वसाहत आकाराला आली. स्वातंत्र्यानंतर मात्र सहकाराचे युग सुरू झाले. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील छत्रपती हे सहकारी साखर कारखाने, आणि नंतर इंदापूर तालुक्यातील कर्मयोगी व निरा-भीमा हे कारखाने, ही त्याची ठळक उदाहरणे होत.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हाच क्रम दिसतो. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये, तर विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले. म्हणजेच या परिसरात मोठ्या छताच्या, अनेक दालनांच्या आणि दिवसभर वीज वापरणाऱ्या ज्या अनिवासी इमारती उभ्या राहिल्या, त्यांचे मालक मुख्यतः सहकारी संस्था, सार्वजनिक न्यास आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे होते. खाजगी कंपनी हा येथील अपवाद होता. पुढील सर्व विवेचनात ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. प्राप्तिकरातील घसारा : यंत्राला सवलत, भिंतीला नाही

प्राप्तिकर अधिनियम १९६१ खालील नियमांत ऊर्जाबचतीच्या व अपारंपरिक ऊर्जेच्या उपकरणांना त्वरित घसाऱ्याची सोय होती. सुरुवातीस हा दर १०० टक्के होता, २००२ मध्ये तो ८० टक्के झाला आणि १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. पात्र उपकरणांच्या यादीत विशेष बॉयलर, टाकाऊ उष्णता पुन्हा वापरणारी यंत्रणा, सहवीजनिर्मिती संच, सौर पाणीतापक, सौर विद्युत पट्ट, पवनचक्की, बायोगॅस संयंत्र इत्यादींचा समावेश होता.

ही यादी बारकाईने पाहिल्यास तिची घडण कारखान्याची आहे, हे ध्यानात येते. उन्हाला अडविणारी जाड भिंत, उष्णतारोधक छत, योग्य दिशेची खिडकी किंवा दुहेरी काच यांना तीत स्थान नव्हते. अनिवासी इमारतीवरील घसारा सर्वसाधारणपणे १० टक्केच राहिला. वास्तविक बारामती–इंदापूरसारख्या पर्जन्यछायेच्या, कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात इमारतीची बरीचशी ऊर्जाबचत तिच्या बांधणीतच होत असते. जुन्या वाड्यांच्या रुंद भिंती, माळवदाची छते आणि मधला चौक यांना हे गणित ठाऊक होते, परंतु करनियमांना ते ठाऊक नव्हते.

याहून महत्त्वाचा मुद्दा करदात्याचा आहे. एक साधे उदाहरण घेऊ. ८० टक्के दर असताना ३० टक्के दराने प्राप्तिकर भरणाऱ्या एखाद्या भागीदारी संस्थेने आपल्या लॉजवर १० लाख रुपयांची सौर पाणीतापक यंत्रणा बसविली, तर पूर्ण घसारा मिळालेल्या पहिल्या वर्षी तिला ८ लाखांची वजावट मिळे आणि २ लाख ४० हजार रुपयांचा कर त्या वर्षापुरता वाचे. तीच यंत्रणा एखाद्या न्यासाने वसतिगृहावर बसविली, तर त्याची करबचत शून्य असे. धर्मादाय न्यासाचे उत्पन्न विहित अटींवर करमुक्त असल्याने त्याला वजावटीची गरजच नसे. शिवाय २०१४ च्या वित्त अधिनियमाने, ज्या मालमत्तेचा खर्च न्यासाने उत्पन्नाचा विनियोग म्हणून दाखविला असेल तिच्यावर पुन्हा घसारा घेण्यासही मनाई केली. तात्त्विकदृष्ट्या ही दुरुस्ती योग्यच होती, कारण एकाच खर्चाचा दुहेरी लाभ नको. तथापि, तिच्यामुळे एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली. ऊर्जाबचतीची केंद्रीय करसवलत न्यासांसाठी कधी रचलीच गेली नव्हती.

सहकारी कारखान्यांची स्थिती थोडी निराळी, पण परिणाम जवळपास तोच होता. सहकारी कारखान्याचा वाढावा मुख्यतः ऊसदराच्या रूपाने सभासदांकडे जातो. हा दर खर्च मानावा की नफ्याची वाटणी, यावर प्राप्तिकर खात्याशी दीर्घकाळ वाद चालला आणि जुन्या वर्षांबाबतचा दिलासा २०२३ च्या अर्थसंकल्पात मिळाला. ज्या संस्थेचा करपात्र नफाच वादग्रस्त वा अल्प, तिला त्वरित घसारा फारसा मोहात पाडू शकत नाही.

३. सहवीजनिर्मिती : योग्य कराची निवड

याच्या उलट उदाहरणही याच परिसरात सापडते. महाराष्ट्रात १९६२ च्या अधिनियमान्वये उसावर खरेदी कर आकारला जात असे. कारखान्यास नफा होवो अथवा तोटा, उसाची खरेदी झाली की हा कर देय होई. राज्य शासनाच्या २००८ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात बगॅसवर आधारित सहवीज प्रकल्पांना या खरेदी करातून सूट देण्याची तरतूद होती. येथे सवलत अशा करात होती, जो सहकारी कारखाना खरोखर भरत होता.

सोमेश्वर, माळेगाव व छत्रपती या कारखान्यांनी सहवीज प्रकल्प उभारले. याचे श्रेय एकट्या करसवलतीस देणे इतिहासाला धरून होणार नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००२ मध्ये ठरविलेला वीजखरेदीचा दर आणि साखर विकास निधीतील कर्ज यांचाही त्यात वाटा होता. परंतु घसाऱ्याची सवलत आणि खरेदी कराची सवलत यांतील फरक बोधप्रद आहे. पहिली नफ्यावर, तर दुसरी व्यवहारावर आधारलेली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर खरेदी कर संपला आणि त्याबरोबर हे साधनही राज्याच्या हातून गेले.

४. नगरपरिषदेचा कर आणि बाजारपेठेतील गाळे

दुकाने, दवाखाने, लॉज व कार्यालये यांच्या इमारतींवर नगरपरिषदेचा मालमत्ता कर असतो. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे महत्त्व वाढले. अशा नगरपरिषदेने उदार सवलत द्यावी, ही अपेक्षा तिच्या तिजोरीला परवडणारी नाही. पुणे महानगरपालिकेने सौर ऊर्जा, गांडूळखत व पर्जन्यजल संधारण राबविणाऱ्या निवासी मिळकतींना मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत दिली. तेथील कराची रक्कम मोठी असल्याने सवलतीलाही काही वजन होते. लहान शहरात कर मुळातच कमी असल्याने त्याचे पाच-दहा टक्के हे यंत्रणेच्या खर्चापुढे नगण्य ठरतात.

दुसरी अडचण मालक व भाडेकरू यांच्या नात्याची आहे. व्यापारी संकुलातील गाळा एकाचा असतो, धंदा दुसऱ्याचा असतो. करसवलत मालकास मिळते आणि वीजबिल गाळेधारक भरतो. मालकाने खर्च केल्यास बचत दुसऱ्याची होते; गाळेधारकाने खर्च केल्यास करार संपताच यंत्रणा मालकाची होते. अनेक नगरपरिषदा तर स्वतःच गाळ्यांच्या मालक असतात, म्हणजे तेथे सवलत देणारा आणि घेणारा एकच!

सक्तीच्या नियमांचीही मर्यादा अशीच आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये २००७ मध्ये इमारतींसाठी संहिता आली. २०१० च्या दुरुस्तीनंतर तिची कक्षा १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या वाणिज्य इमारतींपर्यंत आली. तालुक्याच्या गावातील सामान्य दुकान वा दवाखाना या कक्षेच्या बाहेरच राहिला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने हरित मानांकन मिळविणाऱ्या इमारतींना ३, ५ व ७ टक्के वाढीव चटई क्षेत्र देऊ केले. मात्र जेथे जागेची टंचाई तीव्र नाही, तेथे वाढीव चटई क्षेत्राचे मोलही कमी असते.

५. वीज शुल्क : न दिसणारे प्रोत्साहन

या सर्व काळात एक कर मात्र मालक व भाडेकरू असा भेद न करता ऊर्जाबचतीशी थेट जोडलेला होता. तो म्हणजे वीज शुल्क. महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम २०१६ मध्ये वाणिज्य वापरावरील शुल्क वीजआकाराच्या २१ टक्के ठरविण्यात आले. याचा अर्थ असा की, दुकानदाराने १०० रुपयांची वीज वाचविली तर शुल्काचे आणखी २१ रुपये आपोआप वाचतात. त्यासाठी अर्ज, प्रमाणपत्र किंवा तपासणी लागत नाही.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने येथे महत्त्वाचे वळण आले. १९५८ च्या जुन्या अधिनियमात सार्वजनिक न्यासांच्या शैक्षणिक संस्थांना शुल्कमाफी होती. २०१६ च्या अधिनियमात ती राहिली नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये विलेपार्ले केळवणी मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्था माफीस पात्र नसल्याचा निर्वाळा दिला. परिणामी न्यासांची महाविद्यालये आज विचित्र जागी उभी आहेत. वीज वापरल्याचे शुल्क त्यांना भरावे लागते, पण वीज वाचविल्याची करसवलत त्यांना लागू पडत नाही.

वस्तू व सेवा कराचा लाभ मात्र सर्वांना पोहोचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु त्याच दिवशी वातानुकूलन यंत्रांवरील करही २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यात एकतारांकित व पंचतारांकित यंत्र असा भेद केला गेला नाही.

६. तौलनिक दृष्टी

अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण अधिनियमाने वाणिज्य इमारतींसाठी स्वतंत्र वजावट आणली. ऊर्जाखर्चात ५० टक्के बचत साधणाऱ्या इमारतीस प्रतिचौरस फूट १.८० डॉलरपर्यंत ती मिळे. तिचे दोन विशेष उल्लेखनीय आहेत. एक, ती एखाद्या यंत्रापुरती न राहता छत-भिंती, प्रकाशयोजना व वातानुकूलन यांसह संपूर्ण इमारतीचा विचार करीत होती. दोन, कर न भरणाऱ्या शासकीय मालकास ही वजावट इमारतीच्या रचनाकाराकडे हस्तांतरित करता येत असे. २०२२ मध्ये ही मुभा करमुक्त संस्थांनाही मिळाली. पुढे २०२५ च्या कायद्याने ३० जून २०२६ नंतर बांधकाम सुरू होणाऱ्या इमारतींसाठी ही वजावट बंद करण्याचे ठरविले. सवलत राजकीय बदलांत टिकेलच असे नाही, हा त्यातील धडा आहे. पण करमुक्त मालकाचा प्रश्न तेथे ओळखला गेला होता, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

१. बारामती–इंदापूर परिसराच्या संस्थात्मक रचनेशी केंद्रीय करप्रोत्साहनांची रचना जुळली नाही. सवलत नफा कमावणाऱ्या करदात्यासाठी होती आणि इमारती सहकार व न्यास यांच्या होत्या.

२. जेथे संस्था प्रत्यक्ष भरीत असलेल्या करात सूट देऊ केली गेली, तेथे ती त्या संस्थेच्या हिशेबात उतरू शकली. खरेदी कर हे त्याचे उदाहरण होय.

३. न्यासांच्या महाविद्यालयांना व रुग्णालयांना सरसकट शुल्कमाफी परत देण्यापेक्षा, ऊर्जा लेखापरीक्षण करून वापर घटविणाऱ्या संस्थेस वीज शुल्कात प्रमाणशीर सूट देणे अधिक न्याय्य ठरेल. जुन्या माफीत काटकसर करणारा आणि उधळपट्टी करणारा दोघेही समान होते.

४. व्यापारी गाळ्यांबाबत मालक व गाळेधारक यांच्यात खर्च आणि बचत वाटून घेण्याची तरतूद भाडेकरारातच हवी. नगरपरिषदांनी त्याचा प्रारंभ स्वतःच्या गाळ्यांपासून करावा.

५. अशा कोणत्याही मागणीसाठी पुरावा लागेल. महाविद्यालयांच्या कार्यालयांत जुनी वीजबिले बहुधा रद्दीत जातात. वस्तुतः इमारत, वापर आणि कर यांचा गेल्या काही दशकांचा इतिहास त्या बिलांत नोंदलेला आहे. इतिहास, वाणिज्य व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्याच संस्थेचे हे दप्तर जतन केल्यास शासनापुढे मांडण्यासाठी आपल्या हाती निवेदनाबरोबर आकडेही असतील.