बैलजोडी, झोपडी, पणती

आमच्या छापखान्यात खिडकीखाली एक खण होता. त्यात लाकडी ठोकळ्यांवर ठोकलेले ब्लॉक असायचे. लग्नपत्रिकेचा गणपती, मुंजीचा बटू आणि निवडणूक आली की बैलजोडी, झोपडी, पणती. म्हणजे काँग्रेस, प्रजासमाजवादी आणि जनसंघ. बाबा राष्ट्र सेवा दलातले, त्यामुळे मनाने झोपडीवाले. पण शनिवार पेठेतल्या तिन्ही पक्षांची हँडबिलं त्यांच्याच ट्रेडलवर निघत आणि तळाशी मुद्रक म्हणून त्यांचंच नाव असे. त्यांचा नियम एकच: मजकूर गिऱ्हाइकाचा, ऱ्हस्व-दीर्घ आपलं. काँग्रेसवाल्याचं पत्रक जुळवताना ते तोंडाने चरफडत. हातातल्या स्टिकमध्ये मात्र त्याचा शब्दन् शब्द उतरत असे.

समोरच्या वाड्यातले काका मोतीबागेत जाणारे. मोतीबाग म्हणजे संघाचं कार्यालय. तेही शनिवार पेठेतच आणि साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ या समाजवादी साप्ताहिकाचा पत्ताही ४३१, शनिवार पेठ. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. आम्हाला कधी वाटलं नाही. भाजी एकाच मंडईतून यायची.

बाबा आणि काका रमणबागेत एका वर्गात होते, त्यामुळे एरवी अरे-तुरे. पण राजकारण निघालं की दोघेही अहो-जाहोवर यायचे. “अहो, तुमच्या गोळवलकरांना म्हणावं...” “अहो, तुमचे लोहिया तरी...” मी लहान होते, मला वाटायचं भांडण झालं. खूप उशिरा कळलं की ते ‘अहो’ म्हणजे मध्ये ठेवलेला पाट होता. त्याच्या अलीकडून काय वाटेल ते बोलायची मुभा होती. आणि पुणेरी ‘अहो’ला धारही असतेच, ती वेगळी.

रमणबाग म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल. शाळा १८८० सालची, चिपळूणकर-टिळकांनी काढलेली. आगरकर वर्षभरात आले. कोल्हापूर प्रकरणातल्या मानहानीच्या खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे दोघांचं फाटलं. आगरकरांनी १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला आणि मग दोन्ही पत्रांतून जी धुळवड झाली तिला सभ्य म्हणणं कठीण. याच शहरात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. १८९५मध्ये काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरवू द्यायची की नाही, यावरून मांडव जाळायची भाषा झाली आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. काँग्रेसच्याच सुरत अधिवेशनात १९०७ साली व्यासपीठावर गेलेला जोडा ‘पुणेरी’ म्हणूनच गाजला. तेव्हा पूर्वी लोक कसे सुसंस्कृत वाद घालत वगैरे मला सांगू नका.

तरीही आगरकर १७ जून १८९५ला गेले तेव्हा त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. टिळकांचे दुसरे प्रतिस्पर्धी गोखले १९१५च्या फेब्रुवारीत गेले, तर सिंहगडावरून उतरून टिळक स्मशानात आले आणि बोलले. मेल्यावर गोड बोलायला काय जातं, असं काका म्हणत. बाबांचं म्हणणं निराळं: आयुष्यभर ज्याचं अक्षर न् अक्षर वाचून खोडलं, त्याच्याविषयी लिहायला दुसरा लायक माणूस कोण?

बारा जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, मुठेचं पाणी पेठेत शिरलं. मी नऊ वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर छापखान्याचं दार ढकललं तर केसेस उलटलेल्या आणि पायाखाली चिखलात खिळेच खिळे. नवा टाइप घ्यायची ऐपत नव्हती. तिसऱ्या दिवशी काका आले. आधी शाखेतल्या पोरांबरोबर वाड्यातला गाळ उपसून, मग बाबांकडे. दोघांनी रॉकेलचं घमेलं मध्ये घेतलं आणि जुन्या टूथब्रशने एकेक खिळा घासायला बसले. घासायचा, उजेडात धरायचा, उलटं अक्षर ओळखायचं, खणात टाकायचा. काकांना उलटी अक्षरं वाचायची सवय नव्हती. भ आणि म ते हमखास चुकवत. बाबा ओरडत, “अरे, तो मोडका म आहे, भ नाही!” पंधरा-वीस दिवस चाललं असेल. त्या दिवसांत ‘अहो’ एकदाही ऐकू आलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत निवडणुका लागल्या आणि काकांनी निवडलेल्याच खिळ्यांत जनसंघावर टीका करणारं पत्रक जुळलं. छापून झाल्यावर बाबांनी त्यांना पाठवलं. काकांनी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक लाल शाईने काढून परत दिलं.

आणीबाणीत काका मिसाखाली येरवड्यात. काकूंकडची रोजची चौकशी बाबांकडे आली. तुरुंगात सरसंघचालक देवरस होते, समाजवादीही होते, बाबा आढाव होते. भिंतीआड एकत्र राहिल्याने मनं जुळतात म्हणतात, तसं काही झालं नाही. आढावांनी बाहेर आल्यावर संघावर परखड पुस्तिका लिहिली. काकांनी ती वाचून समासात एवढ्या टिपा केल्या की मूळ मजकूर शोधावा लागे. मार्च १९७७मध्ये मात्र खणातल्या झोपड्या, पणत्या मागे सरल्या आणि जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्याचा एकच ब्लॉक पुढे आला. मोहन धारिया पुण्यातून निवडून आले. बाबांनी आणि काकांनी एका उमेदवाराचं काम आयुष्यात तेवढं एकदाच केलं. दुहेरी सदस्यत्वाच्या वादात जनता पक्ष फुटला, १९८०मध्ये भाजपच्या कमळाचा ब्लॉक करून आणला आणि ओट्यावर पुन्हा ‘अहो’ सुरू झालं.

बाबा गेले, ट्रेडल भंगारात किलोवर गेली. खण मी ठेवला. काकांना वाद घालायला कोणी उरलं नाही, म्हणून ते ‘साधना’ला पत्रं लिहू लागले. टपालाने नाही, काठी टेकत स्वतः देऊन यायचे. त्याआधी माझ्याकडे, ऱ्हस्व-दीर्घासाठी.

ऑगस्ट २०१३मध्ये त्यांनी जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यावर आठ पानं लिहिली. मुद्दे मला पटले नाहीत, पण मी फक्त वेलांट्या सुधारल्या. वीस तारखेला, मंगळवारी, पत्र घेऊन निघायचं ठरलं होतं. त्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या खुनासाठी दोघांना जन्मठेप झाली ती २०२४ साली, तोवर काका नव्हते.

त्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. पाकीट हातातच होतं. बराच वेळ खुर्चीत बसून राहिले, चहा निवला.

“आता ह्याचं उत्तर कोण देणार?” म्हणाले आणि खिडकीखालचा खण ओढून पाकीट झोपडी-पणतीच्या ब्लॉकांवर ठेवून दिलं.